ओसरीवरील वर्तमानपत्र

रिचर्ड केटन वुडव्हिल या अमेरिकन चित्रकाराचें 'मेक्सिकोच्या युद्धाची वार्ता' हें १८४८ सालचें चित्र. हॉटेलच्या ओसरीवर एक गृहस्थ वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत आहे. भोंवतीं पुरुषांची दाटी. एका वृद्धाच्या कानाशीं लागून शेजारी त्यास मजकूर समजावून देत आहे. ही मौज पाहतां पाहतां आमची दृष्टि ओसरीबाहेर गेली आणि तेथेंच खिळून राहिली.

उजवीकडे खिडकींतून एक स्त्री डोकावते आहे. खालीं पायरीवर एक कृष्णवर्णीय पुरुष बसला आहे व त्याच्याजवळ फाटक्या वस्त्रांतील लहान मुलगी उभी आहे. जिंकलेल्या मुलखांत गुलामगिरी चालावी कीं नाहीं, हाच तेव्हांचा ज्वलंत वाद! वार्तेशीं खरा संबंध त्या दोघांचा. परंतु त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं.

वुडव्हिल मूळचा बाल्टिमोरचा, पण चित्र काढलें प्रशियांतील ड्युसेलडॉर्फ येथें. इतक्या दूर राहूनहि त्या मुलीस तो विसरला नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. १८५५ सालीं, अवघ्या तिशींत, तो लंडनमध्यें वारला. तत्पूर्वीं १८५१ सालीं अमेरिकन आर्ट-युनियननें या चित्राच्या छापील प्रती हजारों सभासदांस वाटल्या होत्या. त्या दिवाणखान्यांतून तरी तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें असेल काय?