नव्या पुस्तकांची यादी कोणी करावी?

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची मानली जाते. घरे, दुकाने आणि पेठा यांच्याबरोबर त्या पाण्यात सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथही बुडाले. १८६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे ते दीडशेवे वर्ष होते. पूर ओसरल्यावर भांडी घासता येतात, भिंती धुता येतात. भिजलेला ग्रंथ मात्र धुता येत नाही. त्याची पाने फुगतात, गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते आणि दोन-तीन दिवसांतच बुरशी धरू लागते. चिखलाने माखलेले ग्रंथांचे ढीग ज्यांनी त्या दिवसांत पाहिले, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही.

परंतु या लेखाचा विषय महापूर नाही. महापुरानंतर जो प्रश्न उरतो, तो आहे. रिकाम्या झालेल्या कपाटांपुढे उभ्या राहिलेल्या ग्रंथपालाने आता कोणती पुस्तके आणावीत? जी गेली तीच पुन्हा आणावीत, की नवी? जुन्यांपैकी कोणती बाजारात मिळतील आणि कोणती कायमची गेली? पुराने हा प्रश्न एका रात्रीत आणि अतिशय क्रूरपणे विचारला, इतकेच. एरवी तोच प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक लहानमोठ्या वाचनालयाला दरवर्षी विचारला जात असतो. फक्त तो इतक्या हळू आवाजात विचारला जातो, की बहुतेकांना ऐकूच येत नाही. नव्या पुस्तकांची यादी करणे हे कारकुनी काम आहे, असाच आपल्याकडे समज आहे. माझ्या मते वाचनालयाचे सारे भवितव्य त्या यादीत असते.

ही यादी प्रत्यक्षात कशी होते ते पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि शासनमान्य वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू लागले. गावोगावी वाचनालये उभी राहण्यास या कायद्याने मोठा हातभार लावला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि अनुदान हप्त्याने येते, आणि पुष्कळदा आर्थिक वर्ष सरता सरता येते. मग मार्चअखेर खर्च दाखवण्याची घाई सुटते. वर्गवारी ठरताना ग्रंथांची संख्या मोजली जाते, म्हणून संख्या वाढेल अशी खरेदी करण्याकडे कल होतो. शंभर पानांची चार पुस्तके आणि चारशे पानांचा एक ग्रंथ यांत निवड करायची, तर दाखल नोंदवहीत चार ओळी भरतात त्याला अधिक मोल येते. त्यातच घसघशीत सवलत देणारा विक्रेता दाराशी येतो. त्याच्या गठ्ठ्यात काय आहे हे पाहण्याआधी त्यावर किती टक्के सूट आहे हे पाहिले जाते. अशा रीतीने यादी करणारा माणूस बदलतो. ती यादी ग्रंथपाल करत नाही, सवलत करते.

दुसरा भाग देणगीचा. कुणाच्या घरातील वडीलधारे माणूस निवर्तले, घर लहान झाले, की पुस्तकांची पोती वाचनालयात येतात. देणाऱ्याची भावना निर्मळ असते आणि त्या पोत्यांत कधी कधी रत्नेही सापडतात. परंतु जुनी पाठ्यपुस्तके, कालबाह्य झालेली मार्गदर्शके आणि एकाच पुस्तकाच्या पाच प्रती यांनीही कपाटे भरतात. आपत्तीनंतर तर हा ओघ अधिकच वाढतो. बुडालेल्या वाचनालयाला पुस्तके द्यावीत ही प्रेरणा वंदनीयच होय; पण देण्यापूर्वी ‘तुम्हांला कोणती हवीत?’ असे विचारणारा दाता विरळा. भुकेल्याला अन्न द्यावे, हे खरे. तथापि त्याला काय पचते, हे विचारण्यात दात्याला कमीपणा नाही.

तिसरा दाब आजच्या काळाचा आहे आणि तो सहानुभूतीने समजून घेतला पाहिजे. सातारा, कऱ्हाड, ईश्वरपूर, विटा, सांगली, कुठल्याही गावच्या अभ्यासिकेत सकाळी डोकावले, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली माना खाली घालून बसलेली दिसतात. त्यांची पुस्तके त्यांचीच असतात. वाचनालयाकडून त्यांना हवी असते ती जागा, दिवा आणि शांतता. कोरडवाहू शेती असलेल्या घरातील मुलीला घरी जे मिळत नाही ते इथे मिळते, ही लहान गोष्ट नाही. पण त्यामुळे असे होते, की वाचनालयात माणसे भरलेली असतात आणि ग्रंथांच्या कपाटांना मात्र कुलूप असते. सारा पैसा परीक्षेच्या मार्गदर्शकांवर खर्च करावा, अशी मागणी मग होऊ लागते. ती मागणी पूर्णतः नाकारणे अन्यायाचे होईल आणि पूर्णतः मान्य करणे आत्मघाताचे. मार्गदर्शक पुस्तक दोन वर्षांत जुने होते. परीक्षेत अयशस्वी झालेल्या मुलाला त्यानंतर जगण्यासाठी जे पुस्तक लागेल, तेही कुणीतरी आज आणून ठेवावयास हवे.

मग यादी कोणी करावी? या प्रश्नाचे उत्तर मला फार लहानपणी मिळाले, असे आज वाटते. कऱ्हाडजवळच्या ज्या गावी माझे बालपण गेले, तेथील वाचनालय दोन खोल्यांचे होते. ग्रंथपालांना सारे गाव अण्णा म्हणत असे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे मला वेड लागले होते आणि दररोज एक संपवून मी दुसरी नेत असे. एका संध्याकाळी अण्णांनी माझी रहस्यकथा नोंदवून घेतली आणि तिच्यावर आणखी एक पुस्तक ठेवले. म्हणाले, “बाळ, अर्नाळकर ने, नको म्हणत नाही. पण जोडीला हेही ने. आपल्याच मुलखातलं आहे. नाही आवडलं तर उद्या परत आणून दे, मी काही विचारणार नाही.” ते पुस्तक ‘बनगरवाडी’ होते. मी ते दुसऱ्या दिवशी परत केले नाही, आणि अण्णांनीही शब्दाप्रमाणे काही विचारले नाही. माडगूळकरांच्या माणदेशातील ती उजाड माणसे पुस्तकात येऊ शकतात, आपण ज्या वाटेने जातो ती वाट छापली जाऊ शकते, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

अण्णांनी जे केले त्याला ग्रंथालयशास्त्रात नाव आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा त्यांतील पहिल्या तिहींचा आशय आहे. दुसरे सूत्र आपण पाळण्याचा प्रयत्न तरी करतो. वाचक मागतो ते आणून देतो. तिसऱ्याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. कपाटात मुकाट्याने बसलेल्या ग्रंथाला त्याचा वाचक शोधून देणे हे काम सवलत करू शकत नाही, छापील यादी करू शकत नाही. ज्याला पुस्तकही ठाऊक आहे आणि माणूसही ठाऊक आहे, तोच ते करू शकतो. आणि लहान गावात असा एकच मनुष्य असतो. तो म्हणजे ग्रंथपाल.

शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध होते आणि तिचा उपयोगही आहे. परंतु साऱ्या महाराष्ट्रासाठी केलेल्या यादीला जतच्या आणि पाटणच्या वाचकांतील फरक कळणार नाही. सातारा आणि सांगली हे मुळात एकाच जिल्ह्याचे दोन भाग. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखाच्या पश्चिमेला कोयनेचा धो धो पाऊस आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचे दुष्काळ. एका वाचकाचे घर पुरात जाते, तर दुसऱ्याची जनावरे पाण्याविना छावणीत जातात. या दोघांच्या वाचनालयांची यादी एक कशी असेल?

अशा मुलखाच्या ग्रंथपालाने शिफारस करायची तर आरंभ घरापासून करावा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची वारणेच्या खोऱ्यात घडणारी ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ चे, फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे आणि देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ चे. ही पुस्तके आपल्याकडे असणारच, असे प्रत्येक वाचनालयाला वाटते. कपाटात हात घालून पाहिले, तर एकच जीर्ण प्रत निघते, तिची मधली पाने गेलेली असतात आणि नोंदवहीत ती शाबूत असते! फाटलेली प्रत रीतसर बाद करून नवी आणणे हीदेखील नवी भरच होय. गावच्या मुलाला गावचा लेखक न मिळणे यापरते वाचनालयाचे दारिद्र्य नाही.

त्यानंतर आजचे लेखन. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठवलेल्या गावाची ती गोष्ट आहे. पुरस्कार मिळाला म्हणून ती घ्यावी असे मी म्हणणार नाही. कोयनेच्या आणि वारणेच्या धरणांखाली ज्यांची गावे गेली, त्यांची नातवंडे आज याच दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत, म्हणून ती घ्यावी. शिफारशीचे कारण असे असावे. त्याचबरोबर शेतजमिनीचे कायदे, पाण्याचा हिशेब, स्त्रियांचे आजार, शेळीपालन, बालकुमारांसाठी विज्ञान, यांवरील सोपी आणि विश्वसनीय मराठी पुस्तकेही यादीत हवीत. सारेच विकत घ्यावे लागते असेही नाही. वाईत ज्याचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज महाजालावर विनामूल्य वाचता येतो. वाईपासून तासाभराच्या अंतरावरील विद्यार्थ्यालाही हे ठाऊक नसते. ते सांगणे हीही शिफारसच.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे २०१७ च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. घराघरांत पुस्तके मांडण्याची ती कल्पना रम्य आहे आणि अनेकांची पावले तिने पुस्तकांकडे वळवली. परंतु भिलारला पाहुणा जातो. तो एक दिवस वाचतो आणि परततो. गावच्या वाचनालयात तोच वाचक वीस-वीस वर्षे येत असतो. त्याच्या वाढीबरोबर यादी वाढावी लागते. पाहुण्याच्या पंगतीला जे शोभते ते घरच्या रोजच्या ताटाला पुरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. निवडीचा अधिकार एका माणसाच्या हाती दिला, तर त्याची आवड हीच गावाची आवड होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय अधिकार काढून घेणे हा नसून तो उघड्यावर आणणे हा आहे. देवघेवीच्या मेजावर वाचकांच्या मागणीची वही असावी आणि ती खरोखर वाचली जावी. एखादे पुस्तक घेता आले नाही, तर त्या नोंदीपुढे कारण लिहावे. दर महिन्याला दहा नव्या पुस्तकांची नावे फळ्यावर लागावीत आणि प्रत्येकापुढे ‘हे का घेतले’ याच्या दोन ओळी ग्रंथपालाने स्वतःच्या नावानिशी लिहाव्यात. ज्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत, ते पुस्तक घेऊ नये. कार्यकारी मंडळाने ग्रंथखरेदीची निम्मी रक्कम तरी ग्रंथपालाच्या विवेकावर सोडावी आणि वर्षाअखेर त्यातील किती पुस्तके घरोघर गेली, याचा हिशेब मागावा. खरेदी मार्चमध्ये एकदम न करता, हाती पैसा येईल तसतशी ती करावी.

अर्थात, ज्या माणसाकडून आपण एवढी अपेक्षा करतो, त्याला आपण काय देतो? २०२२ साली अनुदानात ६० टक्क्यांची वाढ झाली, ती स्वागतार्हच होती. परंतु लहान वाचनालयातील ग्रंथपालाला मिळणारे मानधन आजही घर चालवण्याजोगे नाही. वेतनश्रेणीची त्यांची मागणी फार जुनी आहे. सकाळी वृत्तपत्रे मांडणारा, दुपारी दुसरी नोकरी करणारा आणि संध्याकाळी दार उघडणारा माणूस नवी पुस्तके वाचणार कधी? न वाचता तो शिफारस करणार कशाची? ग्रंथनिवडीचा प्रश्न शेवटी ग्रंथपालाच्या पोटाशी येऊन ठेपतो.

शिक्षक, कारकून, विद्यार्थी, आपण सारे या वाचनालयांचे वाचक आहोत. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षात मागणीच्या वहीत एक तरी नाव लिहिले? पुराने नेलेले ग्रंथ आपण मोजतो आणि हळहळतो. कधी आणलेच गेले नाहीत अशा ग्रंथांसाठी कुणी हळहळत नाही, कारण ते भिजताना दिसत नाहीत. या आठवड्यात आपल्या वाचनालयात जावे, वहीत एक नाव लिहावे, आणि परतताना ग्रंथपालाला एवढेच विचारावे, “माझ्यासाठी तुम्ही काय सुचवाल?” हा प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारला नसेल.