स्टॉर्मट्रूपरच्या हातावरचं चिलखत खाली का घसरत नाही? वाचा या साध्या इलॅस्टिकची करामत!

'स्टार वॉर्स'चा एकही सिनेमा पाहिला नसेल, तरी तो पांढरा सैनिक तुम्ही कुठेतरी पाहिलाच असणार. मीममध्ये, टीशर्टवर, नाहीतर मुंबईच्या कॉमिक कॉनच्या फोटोंमध्ये. त्याचं नाव स्टॉर्मट्रूपर. फोटोत त्याच्या हातावरचं चिलखत अखंड वाटतं. प्रत्यक्षात खांद्यापासून मनगटापर्यंत तीन सुटे तुकडे असतात: खांद्यावर घुमटासारखा एक, दंडावर नळकांड्यासारखा दुसरा आणि मनगट ते कोपर तिसरा.

मंडळी, हे तुकडे एकमेकांत अडकत नाहीत की हाताला चिकटत नाहीत. मग ते खाली का घसरत नाहीत? उत्तर आहे, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारं साधं इलॅस्टिक!

इलॅस्टिकच का?

१९७७ साली आलेल्या पहिल्या सिनेमासाठी हे चिलखत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यापासून बनवलं गेलं. पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला घट्ट बसतो आणि थंड झाला की तोच आकार धरतो. आजचे हौशी कलाकार याच पद्धतीने एबीएस प्लॅस्टिकचे तुकडे बनवतात.

हे प्लॅस्टिक हलकं आणि ताठ असतं, पण ते कोपरात वाकत नाही. हात वाकवला की दोन तुकड्यांमधलं अंतर बदलतं. तिथे न ताणणारा पट्टा लावला तर एक तर हात वाकणार नाही, नाहीतर पट्टा उखडेल. इलॅस्टिक दोन्ही कामं करतं: वजनही पेलतं आणि हाताला हलूही देतं.

आवळायचं नाही, टांगायचं!

बरेच नवखे इथेच फसतात. तुकडा घसरतोय म्हटल्यावर ते तो हाताला आवळून बांधतात. तासाभरात बोटांना मुंग्या येतात आणि तुकडा तरीही घसरतोच, कारण दंड खाली निमुळता होत जातो.

खरी युक्ती उलटी आहे. खांद्याचा तुकडा छाती-पाठीच्या चिलखताला जोडणाऱ्या पट्ट्यावरून टांगायचा. त्याला दंडाचा तुकडा आणि दंडाच्या तुकड्याला कोपराखालचा. म्हणजे सगळं वजन शेवटी खांद्यावर येतं. खांद्याचा तुकडा पंखासारखा बाहेर फडकू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेला आतून इलॅस्टिकचं एक सैलसर कडं लावतात आणि त्यातून दंड घालतात.

ही कल्पना नवी नाही बरं का! पंधराव्या शतकातले युरोपातले सरदार आपलं लोखंडी हातचिलखत आतल्या जाड जाकिटाला खांद्यापाशी नाड्यांनी बांधायचे. तेव्हा नाडी होती, आता इलॅस्टिक आहे.

जोडायचं कसं?

१. टिचबटण लावा. इलॅस्टिक थेट प्लॅस्टिकला चिकटवलं तर ते सैल पडल्यावर बदलता येत नाही. म्हणून नायलॉनच्या पट्टीच्या छोट्या तुकड्यावर टिचबटणाचा एक भाग ठोकतात आणि ती पट्टी चिलखताच्या आतून चिकटवतात. दुसरा भाग इलॅस्टिकच्या टोकाला. बटण कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत ठेवलं की बाहेरून दिसत नाही.

२. गोंद नीट निवडा. चिकटवायची जागा आधी पॉलिश पेपरने खरवडून पुसून घ्या. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो आणि धक्क्याने सुटतो. ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. त्यामुळे ई-६००० सारखा वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद वापरतात. तो पक्का व्हायला २४ ते ७२ तास लागतात. तेवढा वेळ चिमटे लावून ठेवा, आणि खिडक्या उघड्या असू द्या.

३. भोक तापवून पाडा. कात्रीने भोक पाडलं तर इलॅस्टिकचे धागे सुटतात. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने पाडलं तर कडा वितळून बंद होतात. हे काम मोकळ्या हवेतच करा.

४. माप अंगावर घ्या. आतला काळा पोशाख घालून, हात खाली सोडून, सोबत्याला माप घ्यायला सांगा. हात सरळ असताना इलॅस्टिकवर थोडासाच ताण हवा. मग हात पूर्ण वाकवा. तेव्हाही ते आणखी ताणायला जागा उरली पाहिजे. कोपराच्या आतल्या बाजूने लावलेली पट्टी हात वाकवल्यावर घडी पडून टोचते, बाहेरून लावलेली जास्त ताणली जाते. म्हणून आधी सेफ्टी पिनांनी टाचून दोन्हीकडे लावून बघा.

शेवटची परीक्षा

सगळं चढवून तीन गोष्टी करा: पाण्याची बाटली तोंडाला लावा, सेल्फीसाठी हात वर करा आणि कुणाशी तरी हात मिळवा. प्लॅस्टिक कोपरात चिमटा काढत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर इलॅस्टिक लांब करा. गरगरलं किंवा फार उकडलं तर पटकन सुटता यायला हवं. टिचबटणांचा खरा फायदा हाच!

१९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या '५०१ लीजन' या चाहत्यांच्या संघटनेचे सदस्य असे पोशाख घालून रुग्णालयांत मुलांना भेटतात, मदतनिधीच्या कार्यक्रमांना जातात. तिथे तासन्‌तास उभं राहायचं असतं. मुलाने मिठी मारायला हात पसरले, तर तुमचेही हात पसरता आले पाहिजेत ना?

तुमच्या ओळखीत कुणी कॉसप्लेची तयारी करत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा!