बंडी, दमणी आणि मोटारगाडी

आपल्या वऱ्हाडांत पूर्वीं संपन्न शेतकऱ्याच्या वाड्यांत दोन प्रकारच्या बैलगाड्या असत. एक बंडी, तिच्यांत कापूस, शेणखत, कडबा असा भार वाहावयाचा. दुसरी दमणी; तिच्यांत बसून लग्नकार्यास, बाजारास किंवा पाहुण्यांच्या गांवीं जावयाचें. बंडी जड व मजबूत, दमणी हलकी व चपळ. खामगांवच्या बाजारांत कापूस नेण्यास कोणी दमणी जुंपीत नसे, आणि एकट्या पाहुण्यास आणण्याकरितां कोणी बंडी काढीत नसे. हा विवेक आमच्या वाडवडिलांस कोणत्या ग्रंथानें शिकविला नव्हता. तो बैलांनींच शिकविला होता. बैल किती वैरण खातो व किती दमतो, हें धन्यास रोज डोळ्यांनीं दिसे. मोटारगाडीची वैरण मात्र नळीवाटे टाकींत जाते. ती जातांना दिसत नाहीं, आणि एंजिनाचें दमणेंही कोणास जाणवत नाहीं. म्हणून वाडवडिलांचा तो विवेक आपण हळूहळू विसरत चाललों आहों.

प्रस्तुत लेखांत ह्या न दिसणाऱ्या वैरणीचा विचार करावयाचा आहे. शाळा सुटण्याच्या वेळीं आमच्या फाटकाबाहेर ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांत सात माणसें सहज बसतील अशा उंच व अवजड मोटारी दरवर्षीं अधिक दिसूं लागल्या आहेत. पुष्कळदां अशा गाडींत हांकणारा एक आणि दप्तर घेतलेलें मूल एक, एवढेच उतारू असतात. ह्या गोष्टीची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कारण आम्हीही कांहीं काळ त्याच रांगेंत उभे होतों. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम मोठी गाडी अधिक इंधन कां खाते, तें पाहूं. मलकापुराहून मोताळ्यावरून बुलढाण्यास येणाऱ्यास राजूरचा घाट चढावा लागतो. हिशेबासाठीं असें धरूं कीं, गाडी ३०० मीटर उंच चढली, आणि हांकणाऱ्यासह तिचें वजन २,००० किलो आहे. विज्ञानाच्या तासाला शिकलेलें सूत्र येथें लावावें: वजन, उंची व गुरुत्वाचा ९.८ हा अंक ह्यांचा गुणाकार केला म्हणजे सुमारें ५९ लक्ष जूल इतकें कार्य येतें. एक लिटर डिझेलांत सुमारें साडेतीन कोटि जूल शक्ति सांठविलेली असते. परंतु तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो, आणि चाकांपर्यंत सुमारें चवथा हिस्साच पोंचतो असें धरूं. म्हणजे केवळ ती उंची चढण्यासच सुमारें दोन-तृतीयांश लिटर डिझेल जळतें. गाडी १,००० किलोची असती, तर ह्याच्या निम्मेंच लागलें असतें.

आतां ह्यांतील मर्म पाहा. हांकणाऱ्याचें वजन ६० किलो धरलें, तर २,००० किलोंतील तो भाग शेंकडा तीन होतो. अर्थात् आपण शंभर रुपयांचें इंधन जाळलें, तर त्यांतील तीन रुपयांनीं माणूस घाट चढतो आणि उरलेल्या सत्त्याण्णव रुपयांनीं लोखंड चढतें. तेंच लोखंड घाट उतरतांना ब्रेक लावून आवरावें लागतें, आणि चढतांना खर्चिलेली शक्ति ब्रेकच्या उष्णतेंत विरून जाते.

सपाट रस्त्यावर वजनाचा त्रास कमी होतो. परंतु तेथें दुसरा शत्रु उभा राहतो, तो म्हणजे वारा. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून, मेहकर व सिंदखेडराजा ह्या बाजूंनीं जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं सबंध मार्ग पुरा झाला. असा रस्ता लाभला कीं पाय आपोआप जोरानें दाबला जातो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० किलोमीटरांवरून आपण १२० वर गेलों, तर वेग दीडपट होतो, परंतु वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट होतो. शिवाय गाडी जितकी उंच व रुंद, तितकी हवेची मोठी भिंत तिला फोडावी लागते. लहान गाडी वाऱ्यांतून वाट काढते. उंच गाडी वाऱ्याशीं कुस्ती खेळते.

तिसरें कारण आपल्या संवयींत आहे. थंड एंजिन पहिल्या कांहीं किलोमीटरांत अधिक इंधन खातें. म्हणून घर ते शाळा व शाळा ते बाजार अशा तुटक फेऱ्या सर्वांत महाग पडतात. उन्हाळ्यांत आंतील गारव्यासाठीं एंजिन चालूं ठेवून गाडी उभी केली, तर त्या वेळेंत ती एक पाऊलही पुढें जात नाहीं, पण खाणें चालूंच असतें.

इंधन स्वस्त असतां हे दोष झांकून जातात; महागलें कीं उघडे पडतात. आणि महाग होण्याचे प्रसंग वरचेवर येतात, असें इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, आपल्या देशांत पेट्रोलवर नियंत्रण येऊन तें मोजून मिळूं लागलें. त्या वेळीं आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतांत होता. तेव्हां पुष्कळ मोटारी व लॉऱ्या यांच्या मागें लोखंडी भट्टी बसवीत, तींत लोणारी कोळसा कोंडून जाळीत, आणि निघणाऱ्या वायूवर एंजिन चालवीत. एंजिनाची ताकद त्यामुळें बरीच घटे, आणि चढावर उतारूंनीं खालीं उतरून चालावें, अशा आठवणी जुनीं माणसें सांगत. पुढें ऑक्टोबर १९७३ मध्यें पश्चिम आशियांत युद्ध पेटलें, आणि थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचा जगांतील भाव सुमारें चौपट झाला. अमेरिकेंत पेट्रोलसाठीं मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या, आणि प्रचंड मोटारींची हौस असलेले तेथील लोक जपानच्या लहान मोटारींकडे वळूं लागले. आपल्याकडे त्याच वर्षीं नोव्हेंबरांत श्री. अटलबिहारी वाजपेयी भाववाढीच्या निषेधार्थ बैलगाडींतून संसदेंत गेले होते.

आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येतें. म्हणून दूरच्या समुद्रांत गडबड झाली कीं तिचे पडसाद चिखलीच्या पंपावर उमटतात. पूर्वीं सरकार भाव ठरवून हा धक्का कांहीं अंशीं स्वतः सोसत असे. जून २०१० पासून पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचे भाव मोकळे झाले, आणि १६ जून २०१७ पासून ते रोज बदलूं लागले. तत्पूर्वीं डिझेल पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त ठेवलें जाई. त्यामागील हेतु मालवाहू ट्रक, एस. टी. व शेतीचीं यंत्रें ह्यांना आधार देण्याचा होता. परंतु त्या स्वस्ताईच्या सावलींत मोठ्या डिझेल मोटारीही येऊन बसल्या. ती सावली आतां उरली नाहीं. मे २०२१ मध्यें मुंबईंत पेट्रोलनें लिटरामागें शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली, आणि त्याच ऑक्टोबरांत डिझेलनेंही ओलांडली. पुढें नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्यें केंद्र सरकारनें कर घटविल्यानें भाव कांहींसे उतरले. ते कधीं चढावे व कधीं उतरावे, हें गृहस्थाच्या हातीं नसतें. गाडी किती जड असावी, हें मात्र त्याच्या हातीं असतें.

आतां आमची स्वतःची हकीकत. आम्हीं एक जुनी, सात माणसांची डिझेल मोटार विकत घेतली होती. ती थोडक्या किंमतींत मिळाली, म्हणून व्यवहार फायद्याचा वाटला. आणि खरें सांगावयाचें तर ती दारांत उभी राहिली, तेव्हां आळींत आपलें वजन वाढलें असेंही वाटलें. घरापासून शाळा १२ किलोमीटर. महिन्याचे २४ दिवस जाऊन येऊन ५७६ किलोमीटर होत. गाडी लिटरास ११ किलोमीटर चाले. सन २०२२-२३ च्या शालेय वर्षांत डिझेल ९५ रुपयांच्या आसपास होतें. म्हणजे महिन्यास सुमारें ५,००० रुपये केवळ आमच्या एकट्याच्या जाण्यायेण्यांत जळत. घरांत जुनी मोटारसायकल होती. ती लिटरास ५० किलोमीटर देई, आणि तिच्यावर हाच प्रवास सुमारें १,२३० रुपयांत झाला असता.

त्या वर्षीं आमची कन्या बारावींत होती. तिला पुढील शिक्षणासाठीं अमरावतीस जाण्याची उत्कंठा होती. "घरखर्चाची ओढाताण आहे, पुढें पाहूं," असें आम्हीं तिला एक-दोनदां सांगितलें होतें. गाडीच्या खर्चाची वही आम्हीं ठेवीत असूं, पण बेरीज कधीं केली नव्हती. एके रात्रीं ती बेरीज तिनें केली, आणि दोन्ही वाहनांतील फरक दहा महिन्यांच्या हिशेबानें खालीं मांडला: ३७,००० रुपयांहून अधिक. त्याच्या शेजारीं वसतिगृहाच्या खर्चाचा आंकडा लिहिला. दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे होते. तिनें तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. केवळ वही आमच्या पुढें ठेविली आणि ती निजावयास गेली. मुलांस गणित शिकविण्यांत ज्याचीं वीस वर्षें गेलीं, त्याला ती बेरीज दुसऱ्यानें करून दाखवावी लागली, ह्याची लाज आम्हांस अजून वाटते.

गाडीची बाजूही सांगितली पाहिजे. एका पावसाळी रात्रीं शेजारच्या सुनेस कळा येऊं लागल्या. त्या रात्रीं गाडींतील सातही जागा भरल्या होत्या, आणि चिखलाच्या वाटेनें आम्ही वेळेवर दवाखान्यांत पोंचलों. डिझेलचा कांटा कुठें आहे, हें त्या रात्रीं कोणी पाहिलें नाहीं, आणि पाहूंही नये. परंतु वही चाळतां असें दिसलें कीं, चारांहून अधिक माणसें बसलीं असे दिवस वर्षांत अवघे नऊ होते. नऊ दिवसांच्या गरजेसाठीं तीनशेंहून अधिक दिवस बंडी जुंपली जात होती. शेवटीं आम्हीं ती मोटार विकली. आतां आम्ही मोटारसायकलीनें किंवा एस. टी. नें शाळेस येतों, आणि गरज पडली कीं गांवांतील भाड्याची जीप बोलावितों. कन्या जून २०२३ मध्यें अमरावतीस गेली.

ह्या अनुभवांतून एक गोष्ट आम्हांस उमगली: गाडी किती खाते हा अर्धाच प्रश्न आहे; ती कितींसाठीं खाते हा दुसरा अर्धा. विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब करून पाहावा. एस. टी. लिटरास साडेचार किलोमीटर जाते असें धरा. ऐकावयास ती सर्वांत खादाड वाटते. पण तींत चाळीस उतारू असतील, तर एका लिटरांत माणशीं प्रवास एकंदर १८० किलोमीटर झाला. लिटरास २० किलोमीटर देणाऱ्या लहान मोटारींत चारजण बसले, तर तो ८० होतो. लिटरास १२ देणाऱ्या मोठ्या मोटारींत सातजण असतील, तर ८४ होतो. म्हणजे भरलेली मोठी गाडी लहान गाडीहून उणी ठरत नाहीं. पण तींत एकटाच असेल, तर तो आंकडा १२ वर येतो. तेव्हां खरी भूक एंजिनाची नसून रिकाम्या जागांची आहे.

म्हणून मोठी गाडी ठेवणारा प्रत्येकजण उधळ्या आहे, असें समजणें अन्यायाचें होईल. ज्याचें कुटुंब मोठें आहे, ज्यास बीं-बियाणें व खत शेतावर न्यावयाचें आहे, किंवा पावसाळ्यांत ज्याच्या गांवची काळी माती साधी गाडी चालूं देत नाहीं, त्याची मोठी गाडी ही खरी बंडी आहे. ती भरलेली असते. प्रश्न फक्त रिकाम्या बंडीचा आहे.

पालकांस आमची नम्र सूचना इतकीच. गाडी घेतांना किंमतीबरोबरच महिन्याचे किलोमीटर व माणसें मोजावीं, आणि आजच्या भावांत लिटरामागें वीस रुपये मिळवून हिशेब पाहावा. तो झेंपला तरच पुढें जावें. मोठी गाडी असेलच, तर शेजारच्या मुलांसही बरोबर आणावें, म्हणजे तीन घरांचा खर्च एका घरांत भागेल. चाकांतील हवा योग्य ठेवावी, टपावरील निरुपयोगी ओझें काढावें, उभ्या गाडीचें एंजिन बंद करावें. विजेवर चालणाऱ्या गाड्या आतां आल्या आहेत. त्यांनाही वजनाचा नियम चुकलेला नाहीं. जड गाडीस मोठी बॅटरी लागते, आणि मोठ्या बॅटरीस मोठें मोल पडतें.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस एक गृहपाठ. येत्या सुटींत घरांतील वाहनाची एक महिन्याची वही लिहा: किलोमीटर किती, लिटर किती, आणि प्रत्येक फेरीस माणसें किती. महिनाअखेर बेरीज करून ती वडिलांच्या पुढें ठेवा. शब्दानें कांहीं बोलूं नका. आमच्या घरीं जें झालें, त्यावरून आम्ही सांगतों कीं, बेरजेस स्वतःची वाणी असते.