नवी आवृत्ती आली, पण किनवटला कळवणार कोण?

लेखमाला : खुल्या सॉफ्टवेअरची घडण । लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपल्या सॉफ्टवेअरचा विंडोजसाठीचा इन्स्टॉलर तयार झाला. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. या लेखमालेत आपण एक कल्पित प्रकल्प घेऊन चाललो आहोत. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या काही मुलांनी जीसीसी-टीबीसी या शासकीय संगणक-टंकलेखन परीक्षेसाठी मराठी टंकलेखनाचा सराव करून घेणारे खुले सॉफ्टवेअर लिहिले आहे. आता ते उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट इथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटना द्यायचे आहे.

देण्याआधी जरा थांबू या. समजा, आजच वाटून टाकले आणि दोन महिन्यांनी लक्षात आले की रफार असलेला शब्द बरोबर टंकला तरी आपले सॉफ्टवेअर तो चूक धरते. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली, नवी आवृत्ती भांडारात चढली. किनवटच्या मुलीचे गुण मात्र कापले जातच राहणार, कारण तिच्या संगणकावर जुनीच आवृत्ती आहे आणि नवी आल्याचे तिथे कुणाला ठाऊक नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे विक्रेता असतो, एएमसीचा माणूस असतो. खुले सॉफ्टवेअर कोणी कुठे उतरवून घेतले याची यादीच नसते. म्हणून नव्या आवृत्तीची चौकशी सॉफ्टवेअरने स्वतः करायला हवी, आणि ही सोय पहिल्याच आवृत्तीत हवी. ज्या आवृत्तीला चौकशी करता येत नाही, तिच्यापर्यंत नंतर काहीच पोहोचवता येत नाही.

लिनक्सवर हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातून घेतलेले सॉफ्टवेअर त्या भांडारातूनच अद्ययावत होते, तिथे आपली वेगळी चौकशी बंदच ठेवावी. आपली इन्स्टिट्यूटे मात्र बहुतेक विंडोजवर चालतात. तिथे ही व्यवस्था आपल्यालाच उभारावी लागेल.

लिबरऑफिस काय विचारते?

नमुना म्हणून लिबरऑफिस पाहू. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या या प्रकल्पाचा कारभार बर्लिनचे 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' पाहते. विंडोजवरचे लिबरऑफिस ठरलेल्या अंतराने (रोज, आठवड्याला किंवा महिन्याला, जसे निवडाल तसे) फाउंडेशनच्या सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवते. तीत आवृत्ती, त्या बिल्डची ओळखखूण, ऑपरेटिंग सिस्टीम, भाषा अशी जुजबी माहिती असते. नवे काही असेल तर सर्व्हर एक्सएमएलच्या मोजक्या ओळींत आवृत्तीचा क्रमांक आणि ती मिळण्याचा पत्ता देतो. नसेल तर उत्तर जवळपास रिकामे येते. उतरवायचे की नाही, हे वापरणारा ठरवतो.

यातली कामाची गोष्ट म्हणजे चौकशी आणि उतरवणे ही दोन कामे वेगळी ठेवली आहेत. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव विचारायला कोणी ट्रॅक्टर भरून नेत नाही, फोनवर भागते. लिबरऑफिसचा इन्स्टॉलर साधारण ३५० एमबीचा आहे, चौकशीचे उत्तर मात्र एखाद्या केबीत मावते.

आपल्याला तर सर्व्हरवर प्रोग्रामही लिहायला नको. जेसन स्वरूपातली एकच स्थिर फाइल पुरे. तीत नव्या आवृत्तीचा क्रमांक, तारीख, इन्स्टॉलरचा पत्ता, त्याचा आकार, त्याचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा), किमान कोणते विंडोज लागते आणि काय बदलले ते मराठीत दोन ओळींत, एवढे असावे. क्रमांकांची तुलना वापरणाऱ्याचा संगणकच करील. स्थिर फाइल फुकटच्या होस्टिंगवरही चालते, आणि ज्या सर्व्हरवर काही चालतच नाही तो बिघडण्याची शक्यताही कमी.

थोडा हिशेब करू. समजा, १०,००० संगणकांवर आपले सॉफ्टवेअर आहे आणि उत्तर १ केबीचे आहे. रोज चौकशी झाली तरी दिवसाला १० एमबी. इन्स्टॉलर ६० एमबीचा असेल, तर सगळ्यांनी उतरवला की ६०० जीबी. म्हणून चौकशीची फाइल आपल्याकडे आणि इन्स्टॉलर मोठ्या होस्टिंगवर किंवा मिररवर (त्याची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर), अशी विभागणी करावी. दुसरी काळजी वेळेची. इन्स्टिट्यूटे सकाळी एकाच सुमाराला उघडतात. सगळ्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारले तर सेकंदाला १६७ विनंत्या येतील. त्याच दिवसभर विखुरल्या तर साडेआठ-नऊ सेकंदांना एक. म्हणून प्रत्येक संगणकाने चौकशीच्या वेळेत काही तासांची यादृच्छिक सरमिसळ करावी, आणि आठवड्यातून एकदाच विचारावे. टंकलेखनाच्या सरावाला याहून घाई नसते.

क्रमांकाचा चकवा

क्रमांकांची तुलना सोपी वाटते, आणि तिथेच गफलत होते. लिबरऑफिसची ७.६ ही आवृत्ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली. पुढची, २०२४ च्या सुरुवातीची, थेट २४.२ झाली, कारण तिथून क्रमांक वर्ष आणि महिना यांवरून द्यायला सुरुवात झाली. हे क्रमांक मजकूर म्हणून ताडून पाहिले, तर पहिले अक्षर '२' हे '७' च्या आधी येते आणि २४.२ ही ७.६ पेक्षा जुनी ठरते. म्हणून टिंबावर तुकडे पाडून प्रत्येक तुकडा संख्या म्हणूनच ताडावा.

किमान विंडोजचा रकानाही शोभेचा नाही. लिबरऑफिस २५.८ विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. जुन्या संगणकाला अशी आवृत्ती सुचवली, तर ती उतरवण्यात डेटा जाईल, बसवताना चूक दिसेल आणि तो माणूस पुन्हा कधी 'अपडेट' दाबणार नाही. जुन्या विंडोजसाठी फाइलमध्ये वेगळी नोंद ठेवावी, म्हणजे त्या संगणकाला त्याच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती मिळेल.

सर्व्हरवर विसंबू नका

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मार्स्क समूहाची कंपनी, आणि मार्स्कचे जगभरचे संगणक त्या दिवशी 'नॉटपेट्या'ने निकामी केले होते. हा घातक प्रोग्राम आला कुठून? एमईडॉक नावाच्या, युक्रेनमध्ये कर-हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेट यंत्रणेवरच ताबा मिळवला होता. वापरणाऱ्यांनी काही वावगे केले नव्हते. त्यांच्या संगणकांनी रोजच्यासारखे अपडेट घेतले, इतकेच.

खुले सॉफ्टवेअरही यातून सुटलेले नाही. २०२५ मध्ये नोटपॅड++ च्या काही निवडक वापरकर्त्यांच्या अपडेटच्या विनंत्या भलत्याच सर्व्हरकडे वळवल्या गेल्या. घुसखोरी होस्टिंग पुरवठादाराकडे झाली होती, नोटपॅड++ च्या कोडमध्ये नव्हे. पण उतरवलेल्या फाइलची सही काटेकोर तपासली जात नव्हती, म्हणून तो डाव साधला. डिसेंबर २०२५ च्या ८.८.९ आवृत्तीपासून ती तपासणी पक्की केली गेली.

म्हणून सर्व्हर कधी तरी फुटणार असे धरूनच आखणी करायची. एचटीटीपीएस हवेच, पण ते वाटेत कोणी फेरफार करू नये एवढेच पाहते. सर्व्हरवरच कोणी बसला असेल तर ते काही करू शकत नाही. त्यासाठी डिजिटल सही. एड२५५१९ पद्धतीची खासगी किल्ली आपल्याजवळ ठेवायची आणि ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली सॉफ्टवेअरमध्येच घालायची. चौकशीच्या फाइलवर खासगी किल्लीने ६४ बाइटची सही करायची. 'मिनिसाइन' हे छोटे खुले साधन हे काम करते. सही जुळली तरच फाइल वाचायची, आणि उतरवलेल्या इन्स्टॉलरचा हॅश फाइलमधल्या हॅशशी जुळला तरच तो चालवायचा. मग इन्स्टॉलर कुठल्याही मिररवरून येवो.

दोन पळवाटा अजून उरतात. हल्लेखोर आपलीच जुनी, खरी सही असलेली फाइल पुढे करून भोक असलेली आवृत्ती बसवू पाहील. म्हणून आधी पाहिलेल्या क्रमांकाहून खालचा क्रमांक कधीच स्वीकारायचा नाही. किंवा तो तीच फाइल महिनोन्महिने दाखवत राहील, म्हणजे दुरुस्ती आल्याचे कळणारच नाही. यावर उपाय म्हणून फाइलमध्येच मुदतीची तारीख घालावी आणि दर आठवड्याला नव्याने सही करावी. डेबियनच्या काही भांडारांतही अशी मुदत असते.

खासगी किल्ली सर्व्हरवर कधीही ठेवू नका. ती हरवली तर बसवलेली एकही प्रत पुढचे अपडेट स्वीकारणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन सार्वजनिक किल्ल्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. पहिलीची जोडीदार नांदेडच्या पेनड्राइव्हमध्ये, दुसरीची लातूरच्या. पुढच्या महिन्यात सगळी मुले नोकरीला पुण्याला गेली, तरी एक किल्ली इथे राहील अशी व्यवस्था करा.

वीज गेली तर?

आपल्याकडची परिस्थिती बर्लिनमध्ये बसून सुचणार नाही. फाइल उतरताना वीज जाते. म्हणून ती तात्पुरत्या नावाने उतरवावी, तुटल्यास तिथूनच पुढे सुरू करता यावी, आणि हॅश जुळल्यावरच तिला खरे नाव द्यावे. अर्धवट फाइल चालवायची वेळ येताच कामा नये. पुष्कळ ठिकाणी इंटरनेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तेव्हा न विचारता ६० एमबी ओढायचे नाहीत. आकार दाखवून परवानगी घ्यायची.

लॅबमध्ये ४० संगणक असतील तर ६० एमबीचे २,४०० होतात. एकाच संगणकावर उतरवून बाकीच्यांना लॅनवरून द्यायची सोय हवी. हॅश प्रत्येक संगणकाने स्वतः तपासायचा, म्हणजे पेनड्राइव्हवरून नेले तरी धोका नाही. काही लॅबमध्ये संगणक रिस्टार्ट झाला की सगळे पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर असते. तिथे अपडेट रोज बसेल आणि रोज पुसले जाईल. अशा ठिकाणी लॅबचालकाला चौकशी पूर्ण बंद करता आली पाहिजे.

आणि जुन्या मदरबोर्डचा सेल. तो संपला की संगणक सुरू होताना २००९ सारखे एखादे जुने साल दाखवतो. त्या तारखेला आजचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून चौकशी फसते. तेव्हा 'नेटवर्क एरर' असे मोघम न सांगता 'संगणकाची तारीख तपासा' असे मराठीत सांगावे. चौकशी कशानेही फसली तरी सराव मात्र थांबता कामा नये.

काय विचारायचे नाही

प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक देऊन किती जण वापरतात ते मोजण्याचा मोह होईल. तो टाळा. आवृत्ती आणि विंडोजचा प्रकार यापलीकडे काही पाठवू नका, सर्व्हरच्या नोंदींतले आयपी पत्ते लवकर पुसा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच. पण जी माहिती गोळाच केली नाही, ती सांभाळावीही लागत नाही आणि फुटतही नाही.

या आठवड्याचा स्वाध्याय : खोटा वरचा क्रमांक घालून चौकशीची फाइल बनवा आणि नवी आवृत्ती सुचवली जाते का ते पाहा. मग तीच फाइल एक अक्षर बदलून द्या, मुदत संपलेली द्या, जुन्या क्रमांकाची द्या, हॅश न जुळणारा इन्स्टॉलर द्या. चारही वेळा सॉफ्टवेअरने नकार दिला पाहिजे. अपडेट पोहोचते की नाही हे सगळेच तपासतात. नको ते अपडेट नाकारले जाते का, हे तपासल्याशिवाय इन्स्टॉलर कुणाच्या हाती देऊ नका.

पुढील लेखात : दुरुस्तीच बिघडली तर? अपडेट टप्प्याटप्प्याने कसे सोडावे आणि मागे कसे घ्यावे.