३१ मार्चनंतरचे सरकार

सरकारी कर्मचाऱ्याचे मार्च महिन्याचे वेतन सर्वसाधारणपणे १ एप्रिलनंतर हाती पडते आणि म्हणून ते सरत्या वर्षाच्या नव्हे, तर नव्या वित्तीय वर्षाच्या तरतुदीतून द्यावे लागते. हिशेबाची ही बाब वरवर किरकोळ दिसते. परंतु अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर पहिला फटका कोणाला बसेल, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. उज्जैनमध्ये इंदूर रस्त्यालगतच्या नानाखेडा भागासारख्या वस्तीत सरकारी शाळेतील शिक्षकाचे वेतनदेयक कोषागारात २२०२ या मुख्य लेखाशीर्षाखाली जाते, पोलीस शिपायाचे २०५५ खाली आणि शासकीय रुग्णालयातील परिचारिकेचे २२१० खाली. विधानसभेने त्या शीर्षाखाली रक्कम मंजूर केलेली नसेल, तर देयक कितीही बिनचूक असले तरी कोषागार अधिकाऱ्याला ते पारित करता येत नाही. नानाखेड्याच्या बसस्थानकावरून गाड्या मात्र अशा वेळीही सुटत राहतील, कारण मध्य प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाची सेवा २००५ च्या सुमारास गुंडाळली गेल्यापासून तेथील वाहतूक प्रामुख्याने खासगी मालकांच्या हाती आहे.

या बंधनाचे मूळ राज्यघटनेत आहे. सरकारला मिळणारा कर, शुल्क आणि कर्जाऊ रक्कम ज्या खात्यात जमा होते त्याला राज्याचा एकत्रित निधी म्हणतात, आणि कायद्याच्या आधाराशिवाय त्यातून एक रुपयाही काढता येणार नाही, असे कलम २६६ सांगते. हा आधार मिळवण्यासाठी कलम २०२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजेच अर्थसंकल्प, सभागृहात मांडला जातो. कलम २०३ नुसार खातेनिहाय अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होते. आणि कलम २०४ नुसार विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर रकमा निधीतून काढण्याची परवानगी देणारे विधेयक, संमत होते. न्यायाधीशांचे वेतन किंवा कर्जावरील व्याज यांसारखा ‘भारित’ खर्च मतदानाला टाकला जात नसला, तरी विनियोजन कायद्याशिवाय तोही करता येत नाही. आकस्मिकता निधी अनपेक्षित खर्चासाठी असतो आणि संपूर्ण राज्याच्या पगाराचा भार उचलण्याइतका तो कधीच मोठा नसतो.

हीच अट अमेरिकेतही आहे, फक्त तेथे ती सरकारचे कामकाज खरोखर बंद पाडते. तरतुदीशिवाय खर्चाची जबाबदारी पत्करण्यास मनाई करणारा १८८४ चा कायदा जवळजवळ शतकभर सैलपणे पाळला गेला. पुढे १९८० मध्ये तत्कालीन महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्याचा कडक अर्थ लावल्यानंतर, मंजुरी संपली की अत्यावश्यक नसलेली कार्यालये बंद करण्याची प्रथा पडली. २०१८-१९ मध्ये असा बंद ३५ दिवस चालला आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस. त्यावर उपाय म्हणून सिनेटर जेम्स लँकफर्ड आणि मॅगी हॅसन यांनी सुचवलेल्या विधेयकात मुदत संपताच मागील पातळीवरचा खर्च १४-१४ दिवसांसाठी आपोआप चालू राहावा आणि तोवर लोकप्रतिनिधींनी सरकारी खर्चाने राजधानी सोडू नये, अशी तरतूद आहे. विधेयक पुन्हापुन्हा मांडले गेले, पण कायदा झाला नाही.

भारतात हा प्रश्न घटनाकारांनी लेखानुदानाने सोडवला. पूर्ण अर्थसंकल्पावरील मतदान होईपर्यंत वर्षाच्या काही भागापुरता अंदाजित खर्च आगाऊ मंजूर करण्याचा अधिकार संसदेला कलम ११६ ने आणि विधानसभेला कलम २०६ ने दिला आहे. निवडणुकीच्या वर्षी त्याचा उपयोग हमखास होतो. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशचे अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठी सुमारे १.४५ लाख कोटी रुपयांचे लेखानुदान मांडले आणि लोकसभा निवडणूक आटोपल्यावर ३ जुलै रोजी ३.६५ लाख कोटींचा पूर्ण अर्थसंकल्प सादर केला. महाराष्ट्रातही अजित पवार यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर अंतरिम आणि जूनअखेर पूर्ण अर्थसंकल्प मांडला. लेखानुदानात नव्या योजना घालू नयेत असा संकेत आहे, त्यामुळे पगार, निवृत्तिवेतन आणि चालू कामे अडत नाहीत, पण नवी कामे थांबतात. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि पूल यांची कामे हाती घेतलेल्या उज्जैनसारख्या शहराला चार महिन्यांचा हा थांबा पगाराच्या थांब्यापेक्षा कमी दिसतो, पण पावसाळा आणि कामाची मुदत लक्षात घेता तो कमी महागात पडत नाही.

लेखानुदानाची सोय मात्र एका गृहीतकावर उभी आहे: निदान मार्च महिन्यात तरी विधानसभा भरेल आणि हात वर करील. मध्य प्रदेशात २०२० साली हे गृहीतकच कोसळले. १६ मार्चला राज्यपालांचे अभिभाषण होताच करोनाचे कारण देऊन सभागृह २६ मार्चपर्यंत तहकूब झाले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिल्यावर २० मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला. २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला आणि दोनच दिवसांत देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. वर्ष संपायला आठवडाही उरला नव्हता आणि अर्थसंकल्प तर दूरच, लेखानुदानही मंजूर झाले नव्हते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच महिन्यात आपले अधिवेशन १४ मार्चला, ठरल्यापेक्षा आधीच, आटोपते घेतले होते, पण अर्थसंकल्पाचे काम उरकूनच. भोपाळमध्ये शेवटी राज्यपाल लालजी टंडन यांनी लेखानुदानाचा अध्यादेश काढला आणि १ एप्रिलला कोषागारे चालू राहिली. जुलैमधील अधिवेशनही साथीमुळे बारगळले, तेव्हा २.०५ लाख कोटींहून अधिक रकमेचा वर्षाचा अर्थसंकल्पही अध्यादेशानेच लागू झाला. विधानसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले ते २१ सप्टेंबरच्या एका दिवसाच्या अधिवेशनात. म्हणजे वित्तीय वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ राज्याचा सारा खर्च निवडून आलेल्या सभागृहाच्या एकाही मताशिवाय झाला.

विधानसभेचे सत्र चालू नसताना तातडीची गरज भासल्यास राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढलेला, कायद्याइतकेच बळ असलेला हुकूम म्हणजे अध्यादेश. त्याची तरतूद कलम २१३ मध्ये आहे आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो आपोआप संपतो. महामारीत तो वापरला गेला याला दोष देता येणार नाही. परंतु सोय सवय कशी बनते, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिले होते. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात निघालेले २५६ अध्यादेश पुनःपुन्हा काढून, त्यांतले काही तर चौदा वर्षांपर्यंत, जिवंत ठेवले गेले, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्यांच्याच याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेची फसवणूक ठरवले. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने, बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या लेखणीतून, अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असल्याचेही स्पष्ट केले. पैशाच्या अध्यादेशाला ही कसोटी अधिकच कठोरपणे लावली पाहिजे, कारण इतर कायदा सभागृहाने नाकारला तर तो रद्द होतो, खर्च झालेला पैसा मात्र परत येत नाही.

अर्थसंकल्प अडल्यास सरकार बंद पडू नये यासाठी थेट कायदा करण्याचा भारतातील सर्वांत ठळक प्रसंग पंजाबमध्ये १९६८ साली घडला, आणि तो इतका नाट्यमय आहे की तो विस्मरणात गेल्याचे आश्चर्य वाटते. अध्यक्ष जोगिंदरसिंग मान यांच्याविरुद्ध अविश्वास ठरावाच्या हालचाली चालू असताना त्यांनी ७ मार्च रोजी, गोंधळाचे कारण देऊन, विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली. तहकुबीचा निर्णय अध्यक्षांच्या अखत्यारीतला होता, आणि ३१ मार्च तीन आठवड्यांवर होती. मुख्यमंत्री लछमनसिंग गिल यांच्या सरकारजवळ बहुमत असो वा नसो, एप्रिलपासून पैसा मिळण्याचा मार्ग बंद झाला होता. राज्यपाल डी. सी. पावटे हे बेळगाव भागातले, मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्यात संचालकपद आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेले गणितज्ञ. त्यांनी ११ मार्चला सत्रसमाप्ती केली, म्हणजे तहकूब सत्रच संपुष्टात आणले. १३ मार्चला, सत्र नसल्यामुळे आता काढता येणारा, अध्यादेश काढला. वित्तीय कामकाज पूर्ण होईपर्यंत सभागृहाच्या संमतीशिवाय बैठक तहकूब करता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. मग १८ मार्चला विधानसभा पुन्हा बोलावली गेली. अध्यक्षांनी त्या दिवशीही ही बैठकच बेकायदा ठरवून आपला जुना निर्णय लागू असल्याचे जाहीर केले व ते निघून गेले. उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि विनियोजन विधेयके संमत झाली.

उच्च न्यायालयाने ही सारी कार्यवाही अवैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९६८ मध्ये तो निकाल फिरवला. हा निकाल देणारे सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांची वकिली नागपुरात घडली होती आणि नागपूरचे व नंतर मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्तिपदही त्यांनी भूषवले होते. निकालाचा आधार होता कलम २०९: वित्तीय कामकाज वेळेत पूर्ण व्हावे यासाठी विधिमंडळाला कायद्याने कार्यपद्धती ठरवता येते आणि तो कायदा सभागृहाच्या नियमांशी विसंगत असला, तर कायदाच वरचढ ठरतो. संसदेसाठी हीच तरतूद कलम ११९ मध्ये आहे. राज्यपालांचा अध्यादेश कायद्याचेच बळ बाळगतो, त्यामुळे अध्यक्षांची १८ मार्चची तहकुबी निष्प्रभ ठरली. राज्यपालांनी विधिमंडळाच्या कामकाजावर वटहुकमाने लगाम घालावा, हे कोणत्याही लोकशाहीवाद्याला खटकेल आणि खटकलेच पाहिजे. पण तेथे लगाम घातला गेला तो सभागृहाला नव्हे, सभागृहाला बोलूच न देणाऱ्या एका आसनाला, हा फरक न्यायालयाने नेमका ओळखला.

खालचे सभागृह तयार असूनही वरचे अडवू शकते, याचा दाखला आंध्र प्रदेशाने जून २०२० मध्ये दिला. तेथील लेखानुदानाची मुदत जूनअखेर संपत होती. विधानसभेने विनियोजन विधेयक संमत केले, परंतु तीन राजधान्यांच्या वादात विधान परिषद १७ जूनला ते विचारात न घेताच तहकूब झाली. धनविधेयक परिषदेने चौदा दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे कलम १९८ मानते. हे चौदा दिवस उलटेपर्यंत वाट पाहावी लागल्यामुळे राज्यातील कर्मचाऱ्यांचे जूनचे वेतन १ जुलैला होऊ शकले नाही आणि काही दिवस लांबले. विलंब अल्प होता, पण भारतात सरकारी पगार अर्थसंकल्पाअभावी अडू शकत नाही, या समजाला त्याने तडा दिला. मध्य प्रदेशात विधान परिषद नाही. महाराष्ट्रात आहे, आणि तेथे दोन्ही सभागृहांतील बहुमत एकाच बाजूचे असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

अशा वेळी अमेरिकी विधेयकाप्रमाणे जुना खर्च आपोआप चालू ठेवणारी तरतूद भारतातही आणावी, असे सुचणे स्वाभाविक आहे. स्पेनच्या घटनेत ती आहे: नवा अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत जुना आपोआप लांबतो. परिणामी तेथे २०२३ चाच अर्थसंकल्प २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही चालवला गेला. कोषागाराची दारे उघडी राहिली, पण सरकारला दरवर्षी प्रतिनिधींसमोर येऊन पैसा मागण्याची गरजच उरली नाही. आणि पैसा मागावा लागणे हेच तर सभागृहाच्या हाती असलेले एकमेव खरे शस्त्र आहे. भारतात ते आधीच बोथट झालेले आहे. चर्चेची वेळ संपताच उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकल्या जातात, या पद्धतीला ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि कोट्यवधींच्या तरतुदी त्याखाली एका वाक्याने संमत होतात. त्यावर स्वयंचलित मुदतवाढीची भर पडली, तर पगार वेळेवर होतील, पण ते कोणाच्या परवानगीने झाले हे विचारण्याची जागाच राहणार नाही.

म्हणून योग्य वाट पंजाबने घाईत शोधलेल्या उपायाचा शांतपणे कायदा करण्याची आहे. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने कलम २०९ खाली असा कायदा करावा की लेखानुदान किंवा विनियोजन विधेयकावरील मतदान मार्चच्या एका निश्चित तारखेपर्यंत घेतलेच जाईल, तोपर्यंत सभागृहाच्या ठरावाशिवाय बैठक दीर्घ काळ तहकूब होणार नाही, आणि महामारीसारख्या प्रसंगी अध्यादेश काढावाच लागला, तर तो एक-दोन महिन्यांच्या नेहमीच्या खर्चापुरताच असेल, वर्षभराच्या अर्थसंकल्पाचा नसेल. शेवटच्या अटीला घटनात्मक कुंपण नसेल, कारण कलम २१३ चा अधिकार साध्या कायद्याने कमी करता येत नाही, पण तिच्यामुळे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला निदान एक जाहीर मर्यादा पडेल. बाकीच्या दोन अटींसाठी घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची संमती लागत नाही आणि सरकारच्या तिजोरीवर एका रुपयाचाही बोजा पडत नाही.