हातापासून खुब्यापर्यंत

संपादकांचा प्रश्न एका ओळीचा होता: शिकारीचं धनुष्य किती लांब असावं? मला वाटलं, उत्तर तर आपल्या जुन्या मापांतच आहे. चार हात म्हणजे एक धनुष्य. हात दीड फुटाचा धरला तर सहा फूट, साधारण उंच माणसाएवढं. इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली वर काढली गेली. तिच्यावर सापडलेली धनुष्यंही दोन मीटरच्या आसपासची आहेत. पण ती रणांगणावरची. उघड्यावर उभं राहायचं आणि जमेल तितक्या लांब बाण फेकायचा, हे त्यांचं काम. शिकाऱ्याला झुडपांतून रांगत जावं लागतं. त्याचं माप शोधताना मी पोचलो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात आणि एका माणसापाशी थांबलो.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला होता. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी आणि त्यांच्यामागून वसलेल्यांनी त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या होत्या. वाचलेले मूठभर जण डीअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत कित्येक दशकं लपून राहिले. शेवटी तो एकटाच उरला. आपलं नाव परक्याला सांगायची त्याच्याकडे रीत नव्हती आणि ते त्याने कधीच सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. याही लोकांच्या याना भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला. रविवारी लोक यायचे, तो काचेसारख्या काळ्या दगडाची बाणाची टोकं घडवायचा आणि लोक बघत राहायचे. संग्रहालयाशेजारी वैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथले शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे मित्र झाले, मग तिरंदाजीतले शिष्य. पोप यांनी जे पाहिलं ते बारकाईने लिहून ठेवलं, म्हणून आज इशीचं धनुष्य आपल्याला कळतं.

ते धनुष्य ४२ इंचांचं होतं. साडेतीन फूट! पण इशीकडे इंच नव्हते. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरायचा आणि त्या हातापासून छातीवरून तिरकं उजव्या खुब्यापर्यंत, एवढी त्याची लांबी. हे वाचल्यावर मी पडद्याची काठी काढून स्वतःवर लावून पाहिली. चाळीस इंचांच्या थोडं पुढे भरली. वीत, हात, पुरुष या मापांत वाढलेल्या आपल्या भाषेला हे माप परकं वाटू नये.

एवढ्या आखूड लाकडाला २५-२६ इंच ओढायचं म्हणजे ते मोडायलाच हवं. नुसत्या लाकडाचं धनुष्य निदान ओढीच्या दुप्पट लांब असावं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. धनुष्य वाकलं की पोटाकडचं, म्हणजे तिरंदाजाच्या बाजूचं लाकूड दाबलं जातं आणि पाठीकडचं ताणलं जातं. लांबी जितकी कमी, तितका हा ताण थोड्या जागेत कोंबला जातो आणि पाठ फाटते. इशीने यावर दोन उपाय योजले होते. एक, जुनिपरच्या लाकडाच्या भुजा त्याने चपट्या आणि मधोमध जवळजवळ दोन इंच रुंद ठेवल्या. दोन, पाठीवर हरणाच्या कंडरा चिकटवल्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे ते चिवट दोर. त्या चावून चावून मऊ करायच्या, सामन माशाच्या कातडीपासून उकळून काढलेला सरस लावायचा, त्यावर त्या बसवायच्या आणि धनुष्य सावकाश वाळू द्यायचं. लाकूड जिथे हार मानतं तिथे कंडरा ताण झेलते.

आखूड धनुष्याची दुसरी अडचण दोरीची. पूर्ण ओढलं की दोरीचा कोन इतका अरुंद होतो की तीन बोटांनी धरणाऱ्याची बोटं तिच्या चिमटीत सापडतात. इशी दोरी अंगठ्याने ओढायचा. बाण सोडायचा तो दबा धरून, बसक्या पवित्र्यात. म्हणजे लांबी, लाकूड, कंडरा, अंगठा आणि गुडघे हे सगळं एकमेकांत गुंफलेलं होतं. यातली एक गोष्ट बदलली तर बाकीच्या बदलाव्या लागतात. त्याचं धनुष्य ओढायला जोर लागायचा ४५ पाऊंडांच्या आसपास. कुणी म्हणेल, फार नाही. पण तो सावजाच्या इतक्या जवळ जायचा की त्याहून जास्त लागत नसे. ओठांवर बोटं ठेवून चुंबनासारखा आवाज काढून तो सशांना जवळ बोलवायचा.

पोप मात्र स्वतःसाठी दुसऱ्या वाटेने गेले. त्यांनी यू वृक्षाचं, इंग्रजी धाटणीचं लांब धनुष्य पत्करलं, साडेपाच फुटांच्या पुढचं. ते उभ्याने मारत, बोटांनी ओढत. लांब भुजा जड असतात, पण दोरी सुटताना हात जरा हलला तरी त्या सांभाळून घेतात. १९२० साली ते आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यलोस्टोनमध्ये अशाच धनुष्यांनी ग्रिझली अस्वलांच्या शिकारीला गेले. १९२३ साली पोप यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीला नवी पिढी मिळाली. गुरूची लांबी शिष्याने घेतली नाही, आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. शिष्याचं अंग वेगळं होतं, अस्वल वेगळं होतं. त्याने घेतलं ते हे की धनुष्य आपल्यावर आणि आपल्या रानावर मोजायचं असतं.

इथे लेख संपवता आला असता. पण या मापाचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय तो प्रामाणिक राहणार नाही.

१९०८ साली इशीच्या लपलेल्या वस्तीत जमीन मोजणारे लोक शिरले. जाताना त्यांनी तिथलं सामान उचलून नेलं. त्यात धनुष्यं होती, बाण होते, टोपल्या होत्या. जगण्याची साधनं एका दिवसात गेली. तीन वर्षांनी तो रानाबाहेर आला तेव्हा त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. तरी संग्रहालयात त्याने पुन्हा धनुष्य केलं. नमुना लागला नाही, फूटपट्टी लागली नाही. लुटणाऱ्यांना माप नेता आलं नव्हतं, कारण ते त्याच्या हातात आणि खुब्यात होतं.

मग तो हात गेला. शहरात त्याला क्षयाने गाठलं आणि २५ मार्च १९१६ रोजी तो वारला. मित्रांनी शवपेटीत त्याचं एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली आणि तंबाखू ठेवली, आणि दहन केलं. मात्र त्याआधी शवविच्छेदन झालं होतं. ते होऊ नये असं क्रोबर यांनी बजावून कळवलं होतं, पण पत्र पोचेपर्यंत उशीर झाला होता. मेंदू वेगळा काढला गेला आणि नंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. तो त्याच्या जवळच्या आदिवासी समाजांच्या हाती परत आला २००० साली. ज्याने आपल्या शरीरावर धनुष्य मोजलं, त्याचं शरीर चौऱ्याऐंशी वर्षं अपुरं राहिलं.

आज कुणीही ४२ इंचांची पट्टी कापू शकतो. पण तो आकडा इशीचा आहे, इतरांच्या कामाचा नाही. बेचाळीस इंच हे पोप यांनी फूटपट्टी लावून आपल्यासाठी केलेलं भाषांतर होतं. मूळ वाक्य हातापासून खुब्यापर्यंतचं आहे, आणि ते म्हणायला प्रत्येकाला स्वतःचा हात पसरावा लागतो.

संपादकांना मी तेवढंच कळवलं.