पावसाच्या पाण्याचा हिशेब

रस्त्यावर पाणी तुंबले की आपण नगरपालिकेला दोष देतो, नगरपालिका कचऱ्याला दोष देते, आणि कचऱ्याला बोलता येत नसल्यामुळे वाद तेथेच मिटतो. परंतु पुष्कळदा दोष असतो तो नळ जमिनीत पुरण्याच्याही आधी कागदावर धरलेल्या आकड्यांत. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. अभियांत्रिकीची पदवी आमच्यापाशी नाही. पण ज्याला मजुरीचा हिशेब कळतो त्याला हाही कळेल, आणि ज्याच्या घरात पाणी शिरते त्याने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ सूत्र साधे आहे. पाऊस किती जोराने पडतो, किती जमिनीवर पडतो, आणि त्यातला किती हिस्सा वाहून येतो, या तिहींचा गुणाकार करावयाचा. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात कुइचलिंग नावाच्या अभियंत्याने १८८९ साली ही रीत गटारांच्या आखणीस लावली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस झाला तर अडीच लाख लिटर पाणी पडले. त्यातले निम्मे मुरले वा अडले असे धरले, तर नळात सेकंदाला सुमारे ३५ लिटर पाणी येईल.

हे आकडे आम्ही उगाच घेतले नाहीत. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था याच मापाची होती: तासाला २५ मिलिमीटर पाऊस, निम्मे पाणी वाहणार, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ५० मिलिमीटर पाऊस आणि सगळेच पाणी वाहणार, असे धरावयास सांगितले. कारण मधल्या काळात मोकळी जमीन जाऊन तेथे डांबर आणि काँक्रीट आले होते. दोन आकडे दुप्पट झाले म्हणजे पाणी चौपट झाले! आमच्या त्याच हेक्टरवरून आता सेकंदाला सुमारे १३९ लिटर पाणी येणार.

यात वेळेचाही प्रश्न आहे. गिरण्या चालत होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर दरवाजाजवळच्या खात्यातले लोक आधी बाहेर पडत, लांबच्या खात्यातले मागाहून येत. सर्व खात्यांचे लोक दरवाजात एकत्र आले की गर्दी सर्वांत मोठी. पाण्याचेही तसेच. सर्वांत लांबच्या कोपऱ्यातले पाणी नळापर्यंत पोहोचावयास जितका वेळ लागतो, तितका वेळ टिकणारा पाऊस धरून नळाचे माप ठरवितात.

एका नळापुरते हे गणित वहीत होते. पण शहरात हजारो नळ एकमेकांस मिळतात. म्हणून आज हे काम संगणक करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘एसडब्ल्यूएमएम’ ही संगणक-आज्ञावली १९७१ पासून आहे व ती विनामूल्य मिळते. प्रत्येक मॅनहोलची पातळी, नळाचा व्यास, उतार आणि त्यावर येणारी जमीन तिला सांगावी. मग पाऊस पाडून पाहावा. कोणता नळ केव्हा भरेल, कोणत्या झाकणातून पाणी वर येईल, हे ती मिनिटागणिक दाखविते. समुद्राची भरती सांगितली, तर मुखाशी अडलेले पाणी मागे कोठवर फुगेल हेही सांगते.

मात्र जे सांगितले नाही ते यंत्राला कळत नाही. नळात गाळ आहे असे सांगितल्यावाचून ते नळ स्वच्छच धरते. तो स्वच्छ ठेवणारा कामगार त्याच्या गणितात कोठेच नसतो. दिवसाची सरासरीही अशीच फसविते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी काढली तर तासाला ३९ भरते, म्हणजे ५० च्या आतच! परंतु त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. एका मापकावर वा दिवसाच्या बेरजेवर शहराचा हिशेब बसत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. गुणाकार यंत्राचा असला तरी आकडे माणसांचे असतात. किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसापर्यंत नळ पुरा पडावा, हा प्रश्न निव्वळ शास्त्राचा नाही. मोठा नळ महाग पडतो. लहान नळाचा खर्च वाचतो, पण तो सखल वस्तीतल्या माणसाच्या भिजलेल्या धान्यातून आणि बुडालेल्या रोजातून वसूल होतो. तेव्हा आपल्या गावात नव्या गटारांची योजना आली की तीन गोष्टी विचाराव्या: पाऊस तासाला किती धरला? वाहून येणारा हिस्सा किती धरला, आजचा की वीस वर्षांनंतरचा? आणि पाणी जेथे सोडावयाचे त्या नदीची वा समुद्राची पातळी कोणती धरली? उत्तरे मिळाली की गुणाकार आपल्यालाही येतोच.